ठरव ना गं बाई एकदाचं!

...नाही, पण मला सांगा, माणसानं सहन तरी किती करायचं? माझं इस्त्रीचं दुकान. दोन्ही हात अडकलेले, म्हणून आमची ही बाजूला स्टुलावर बसून मला कादंबरी वाचून दाखवते, लग्न झाल्यापासूनची पद्धत आहे आमची. पण या खेपेला तिनं आणलं काय, तर एक नायिका आणि तिच्या मागे दोघं! एक घड्याळं दुरुस्त करणारा, साधा, अबोल, तिच्या आजारी आईची औषधं रोज न चुकता आणून देणारा. दुसरा व्हायोलिनवाला. एकदा तिला न सांगता पळालेला, आणि आता केस वाढवून परत आलेला! ही बया सकाळी याच्या खांद्यावर रडते, संध्याकाळी त्याच्या. अगं, ठरव ना गं बाई एकदाचं!

आणि तुम्हाला सांगतो, घड्याळवाला आला की आमची ही वाचते कशी, तर विजेचं बिल वाचल्यासारखी. 'त्याने औषध ठेवले. तो गेला.' संपलं! आणि तो व्हायोलिनवाला आला की... 'तिनं डोळे मिटले... आणि...' आवाज असा मऊ! इतक्या मऊ आवाजात मला कधी जेवायला बोलावलं नाही हो! मी विचारलं, "तुला कोण आवडतो गं?" तर म्हणते, "अहो, मध्ये बोलू नका, छान चाललंय." छान? इथे मी त्या घड्याळवाल्यासाठी देव पाण्यात ठेवून बसलोय! कारण मीही तसलाच ना... अबोल, रोज वेळेवर घरी येणारा.

त्या नादात बँकेतल्या साहेबांच्या पँटला एकाच पायावर दोन क्रीज पडल्या. साहेब कडाडले, "काय हो, पायावर रूळ टाकलेत का?" आता त्यांना काय सांगू? ठरव ना गं बाई!

काल शेवटचं प्रकरण. दोघं तिच्या दारात उभे. ती दार उघडते... आणि कादंबरी संपली! 'तिचा निर्णय तिलाच ठाऊक,' म्हणे! मी इस्त्री आपटली. म्हटलं आता होऊनच जाऊ दे. विचारलं, "तू तिच्या जागी असतीस तर?"

हिनं पुस्तक मिटलं. माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "थांबा हं, विचार करून सांगते."

विचार करून! पोरीचं लग्न होऊन नातू झाला, आणि हिला विचार करायचाय! तेव्हापासून हिनं तोंड उघडलं की माझा हात थांबतो, आज एक शर्ट जाळला. पुन्हा पुन्हा ओठांवर येतंय, ठरव ना गं... पण गिळतो. नको. सावकाश ठरव, बाई. घाई कसली? मी काय, रोज वेळेवर घरी येतोच आहे.