संडासातला दिवा

कबाले गावच्या स्टँडवर टॅक्सी भरायची वाट बघत बसलो होतो. पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची तरुण शेजारीण बोलत होत्या.

"निन्सीमा, गेल्या महिन्यात पोरीला वसतिगृहातून काढून आणणार होतीस ना? मग आज परत तिकडेच?"

"ती आलीच नाही, मावशी."

"दोनदा लघवीच्या आजाराने तापली, तरी?"

"अहो, चारनंतर पाण्याचा थेंब घ्यायची नाही ती. संडास लांब, तिथे वीज नाही. अंधारात जावं लागू नये म्हणून तहान मारायची. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलली."

"आणि आता?"

"आता तिथे दिवा लागलाय. मुलींच्या लघवीवर चालतो."

"म्हातारीची थट्टा करतेस होय?"

"देवाशपथ. भिंतीमागे डबे ठेवलेत. त्यांतले जंतू लघवीवर जगतात आणि त्यातून वीज होते. थोडीच, पण दिव्याला पुरते. मी स्वतः आत जाऊन बघितलं."

"पण पोरगी पाणी पिते का?"

"न पिऊन करते काय? जेवताना मोठ्या मुली दटावतात, प्या गं, नाहीतर दिवा मंद होईल."

"ताप?"

"परत नाही आला. मी तिची पेटी भरत होते, तर तिने त्यातले कपडे काढून पुन्हा फळीवर ठेवले. म्हणाली, आई, तू जा, आणि येताना मला मोठा पेला आण."

"मग घेतलास?"

"हा काय. लिटरभर मावतं."