पोरगी बघायला राजूरला

आता मला सांगा, स्वतःची पोरगी बघायला बापानं जामखेडहून राजूरला यावं, जिल्ह्याच्या ह्या टोकाहून पार त्या टोकाला, आणि वर डोंगर चढावा, ही काय रीत झाली? पण सूर्यभान आला. न येऊन सांगतो कुणाला... मनकर्णानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, घरात दुसरा विषयच ठेवला नव्हता. ज्ञानेश्वरी त्यांची थोरली. पुण्यात नोकरी करते, इथवर ठीक. पण सुट्टी मिळाली की मोटारसायकलच्या शर्यतीत पळते, आणि गेल्या साली अशाच एका शर्यतीत पडून तिनं डावा हात मोडून घेतला, आणि घरी कळवलं कधी, तर प्लॅस्टर निघाल्यावर. तोवर फोनवर रोज काय, तर "मी मजेत." तेव्हापासून मनकर्णाचा फोनवरचा विश्वासच उडाला. "फोनवर समदीच मजेत असत्यात," ती म्हणाली. "तुमी जावा आन् डोळ्यानं बघून या. म्हशींचं मी बघते."

आणि शर्यत तरी कसली, तुम्हाला सांगतो... सुटली आणि संपली अशी नाही. सकाळी सुटायचं आणि दिवस मावळेपर्यंत डोंगरातनं, भाताच्या खाचरांच्या कडेनं, ओढ्यातनं, त्याच त्या वाटेनं गोल गोल फिरायचं, ज्याचे फेरे जास्त तो जिंकला. हे ऐकून सूर्यभानला उलट बरं वाटलं. पोरगी दिवसभर फिरणार, म्हणजे एकदा हुकली तर दुसऱ्यांदा दिसणारच की. घाण्याला जुंपलेला बैल कधी दिसायचा राहतो का?

सोबत मेव्हणा होता, हनुमंत, मनकर्णाचा धाकटा भाऊ. ह्यानं मोबाईलवर जगातल्या सगळ्या शर्यती बघितलेल्या, त्यामुळे कुठं उभं राहायचं हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्याचं स्वतःचं मत. राजूरला चहावाल्यानं विचारलं, "कुनीकडं पाव्हनं?" सूर्यभान सरळ माणूस, म्हणाला, "पोरगी बघायला आलोय." चहावाल्यानं हनुमंतला खालीवर न्याहाळलं. "नवरदेव ह्योच का?" हनुमंत चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण लाजला. तिथंच सूर्यभाननं ओळखायला पाहिजे होतं, की आजचा दिवस काही सरळ जायचा नाही.

पहिल्यांदा हनुमंतनं त्याला एका टेकाडावर चढवलं. खडा चढ, करवंदीच्या जाळ्या, पायजमा काट्यांत अडकतोय, धाप लागलीय... आणि वर गेल्यावर हनुमंतनं हात पसरला, जणू खालचा सगळा मुलूख ह्याच्याच सातबाऱ्यावर आहे. "दाजी, हितनं सगळं दिसतं."

खोटं नव्हतं. धरणाचं पाणी दिसत होतं, समोरच्या डोंगरांची रांग दिसत होती, लांबच्या वाडीत कुणी वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसत होतं. शर्यत तेवढी दिसत नव्हती. खाली धुळीची एक रेघ सरकत होती आणि तिच्या टोकाला मुंगीएवढं काहीतरी.

"ह्यातली आपली कुठली?"

"पिवळं हेल्मेट बघा."

"आरं, मला हेल्मेटच दिसंना, पिवळं कुठनं बघू..."

तेवढ्यात फोन. मनकर्णा. "दिसली का?" आता काय सांगणार? म्हणाला, "दिसली." "कशी हाय?" "बरी हाय." "वाळलीया का?" डोंगरावरून मुंगी वाळली का भरली, हे कुणी सांगावं? "हाय तशीच हाय," तो म्हणाला आणि "हॅलो, हॅलो, ऐकू यीना," करत फोन बंद केला.

मग उतरले, आणि हनुमंतनं त्याला नेऊन उभा केला एका वळणावर, दोरीला पोट लावून. "दाजी, हितनं सगळं दिसतं. अगदी चाकाच्या तारा मोजा." आली पहिली गाडी... आवाज कानात, माती तोंडात, डोळे उघडेस्तोवर गाडी वळणापार. मग दुसरी, तिसरी, एकामागोमाग एक. पिवळी हेल्मेटं किती? निम्म्यांची मुळातच पिवळी आणि उरलेल्यांची धुळीनं झालेली. सूर्यभाननं मग कुणालाच सोडलं नाही, येईल त्याला हात केला. एकानं परत हात केला, आणि सूर्यभाननं हनुमंतचा खांदा हलवला. "बघितलंस? वळखलं तिनं मला." हनुमंतनं डोळ्यातली माती काढली. मग म्हणाला, "दाजी, हेल्मेटाखालनं दाढी आल्ती."

परत फोन. "दिसली का?" "दिसली. हात केला तिनं." "कुठला?" "उजवा." "मग डावा का न्हाई केला?" बोला... डाव्या हातानं गाडी धरली होती म्हणाला, तर ती म्हणते, "धरवती का तिला?" आणि हा तिथं धुळीत उभा, ना पोरगी बघितलेली, ना तिचा हात, आणि खोटं बोलायला नवीन जागाही उरली नाही.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, ओढ्यावर जावा, तिथं गाड्या हळू होतात, पोरं हेल्मेटाची काच वर करून तोंड पुसतात. रस्ते शर्यतीसाठी बंद. मग खाचरांच्या बांधावरनं, ढेकळं तुडवत, घामानं निथळत दोघं ओढ्यावर पोचले, तर फेरा नुकताच गेलेला. "पुढच्याला बघू की, दाजी. हितनं सगळं दिसतं."

आणि खरंच दिसलं, तुम्हाला सांगतो. घोटाभर पाणी, गोटे, एकेक गाडी डुलत येतेय, काच वर होतेय, चेहरा दिसतोय... हा न्हवं, हा न्हवं, ही दुसरीच कुणाची पोरगी... सगळ्या गाड्या आल्या आणि गेल्या. ज्ञानेश्वरी आली नाही. कुणीतरी म्हणालं, "वरच्या चढाला एक पोरगी थांबलीया."

"थांबलीया का पडलीया?"

"ते काय ठावं न्हाई."

खिशात फोन वाजत होता. सूर्यभाननं तो काढलाच नाही. जो माणूस सकाळपासून दर दहा पावलांना बसत होता, तो आता हनुमंतला मागं टाकून तो चढ चढला.

वर ज्ञानेश्वरी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलेली. पडली नव्हती. गाडीची साखळी तुटली होती. सूर्यभान तसाच दोरीखालनं वाकून पुढं झाला, आणि हातात झेंडा घेतलेली एक मुलगी आडवी आली. सृष्टी तिचं नाव, शर्यत भरवणाऱ्यांतली. "काका, हात लावू नका. बाहेरच्या कुणी मदत केली की ती बाद."

"मी बाहेरचा न्हाई. मी बाप हाय तिचा."

"बापसुद्धा बाहेरचाच, काका. नियम आहे."

ज्ञानेश्वरीनं मान वर केली. "आण्णा? तुमी कसं काय?"

"हिकडं आल्तो जरा," सूर्यभान म्हणाला. जामखेडहून राजूरला. जरा.

साखळीची दोन टोकं जोडणारं बारकं लॉक पांढऱ्या खडीत पडलेलं. ऊन असं, की खडीकडं बघवत नव्हतं. पोरगी चाचपडतेय, घाम डोळ्यांत जातोय, आणि बापाचे दोन्ही हात रिकामे. तो सृष्टीला म्हणाला, "बाई, मी नुसता उभा राहिलो तर?" त्यानं खांद्यावरचा टॉवेल पसरला. सृष्टीनं टॉवेलकडं बघितलं. "टॉवेल नको, ती वस्तू झाली. पण सावलीचं नियमात काही नाही."

मग सूर्यभान उभा राहिला. उन्हाकडं पाठ, रस्त्याकडं पाठ. ज्ञानेश्वरी सरकली की हा सरकायचा. सावलीत तिला लॉक सापडलं. दोन्ही हातांनी तिनं साखळी ओढून बसवली, डाव्यानं धरून, उजव्यानं दाबून. मागनं गाड्यांचा लोंढा गेला, पोचलेला हनुमंत धापा टाकत ओरडला, "दाजी, मागं बघा, पयल्या नंबरचा चाललाय." ह्यानं मान वळवली नाही.

"येते, आण्णा," ती म्हणाली, हेल्मेट चढवलं आणि गेली. बापाच्या अंगावर एक पाटी माती टाकून.

मग त्यानं स्वतःहून फोन लावला. "डावा हात चांगला हाय. ताकद हाय त्यात." पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

ज्ञानेश्वरी शेवटून तिसरी आली. गावी परतल्यावर पारावर सगळे जमले, एवढ्या लांबनं मोठी शर्यत बघून आलेला माणूस, म्हणाले, सांगा की सूर्यभानराव, कशी झाली, कोण जिंकलं, काय काय बघितलं? सूर्यभाननं टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाला,

"ऊन लई हुतं."