राखंत उमटलेली पावलं

माझं माहेर पासलीचं, तिकडं येल्ह्याच्या डोंगरात, आन् सासर हितं उत्रोलीत. मालक लवकर गेलं, दोन पोरी पदरात, हाताला काम न्हाई, काय सांगू तुमाला. तवा भोरात संस्थानचं राज्य. उन्हाळ्यात पुन्याची मानसं हवापालटाला यायची, म्हैना दीड म्हैना घर भाड्यानं घ्यायची. गावाबाहेर भोरच्या एका वकिलांचं कौलारू घर हुतं, त्ये असंच भाड्यानं जायचं, आन् जे येतील त्येंची धुनीभांडी म्या करायची.

त्या साली एक मास्तरीणबाई आल्या, संगं त्येंची सासू. बाईंना मुदतीचा ताप येऊन गेल्याला, नुसती काडी झाल्याली. ओसरीवरनं अंगनात आल्या तरी दम लागायचा. पर सोभाव असा, की म्या भांडी घासताना शेजारी पाट घिऊन बसायच्या, पोरींची नावं इचारायच्या.

एक दिस सकाळच्या पारी बाईंचा हात धरून, बसतउठत आमी तिघी नदीवर गेलो, सासूबाई बी संगं. बाईंनी पहिल्यांदाच पान्यात डुबकी मारली, म्या त्येंचं डोकं धुतलं, लई हसल्या त्या दिशी. घरी येऊन बघतो तर मागची भिंत फोडल्याली, मानूस वाकून जाईल एवढं भगदाड. कपड्यांची ट्रंक न्हाई, तांब्याचा हंडा न्हाई. बाईंच्या अंगावर वलं लुगडं, बदलाय चिंधी न्हाई, त्या कापाय लागल्या. म्हनलं, ताप उलटला तर? तशीच पळत घरी गेले आन् माझं ठेवनीतलं हिरवं लुगडं आनलं. सासूबाईंना इचारलं, आवो, तुमच्यात चालंल का ह्ये? त्या म्हनल्या, नेसव गं तिला, जिवापुढं सोवळं कसलं.

तेवढ्यात, कुनी सांगावा धाडायच्या आतच, वकिलांचा भाचा फौजदाराला घिऊन आला. घराची देखरेख त्येच्याकडं. त्यो म्हनला, सायेब, घर कधी रिकामं असतं ह्ये कामवालीलाच ठावं, हिचंच काम. अवो, चोरीचा ठपका बसला तर माझ्या पोरींना कोन दारात उभं करनार? फौजदारानं हिरव्या लुगड्यातल्या बाई बघितल्या आन् त्येंच्यावरच खेकसला, तूच का ती कामवाली, चल चावडीवर. बाई भिंत धरून उठल्या. म्हनल्या, मी मास्तरीण. चोरी झाली माझी. अंगावर लुगडं आहे ते हिनं दिलं म्हणून, आणि चोरी झाली तेव्हा ही माझ्याजवळ होती. हिला नेणार असाल तर मलाही न्या.

फौजदार खजील झाला. मला मात्र बळ आलं, म्हनलं आता रडून भागायचं न्हाई. भगदाडापासनं बघत निघाले. भाताच्या रोपासाठी आमी उन्हाळ्यात जमीन भाजतो, त्येला राब म्हनतो, घरामागच्या वावरात त्येची काळी राख पसरल्याली. त्या राखंत पावलं, आन् ट्रंक फरफटत नेल्याचा पट्टा! फौजदार माझ्या मागनं. पट्टा सरळ गवताच्या गंजीपाशी. गंज भाच्याची. गवत उपसलं तर आत ट्रंक बी, हंडा बी. किल्ली त्येच्याकडंच, पर कुलूप उघडून नेलं असतं तर त्येचंच नाव आलं असतं, म्हनून त्येनं भिंत फोडल्याली. फौजदारानं त्येचं मनगट धरलं.

वकील सोता आले, बाईंना हात जोडले, आन् भाच्याकडली किल्ली माझ्या हातात दिली. म्हनले, घर आता तुमी सांभाळा. सासूबाई पुन्याला जायचं म्हनत हुत्या, बाई हलल्या न्हाईत. भिंत म्या आन् पोरींनी लिंपली, बाई माती मळू लागल्या. मोटारीत बसाय निघाल्या तवा अर्धा मैल पायानं चालत गेल्या, माझा हात बी धरला न्हाई.

त्या किल्लीवर पोरी वाढल्या, त्येंची लगनं झाली. वकिलांचं घर पुढं इकलं गेलं, पर मानसं माझंच नाव इचारत यायची, म्हनून म्या माझ्याच घराला ही खोली काढली. तुमी आज तिच्यातच उतरलाय. जावा, उनं चढायच्या आत नदीवर जाऊन या. कुलूप कशाला, दार नुसतं लोटा. म्या बसलीया की हितं ओट्यावर.