पडण्याआधी या!

...आणि तो बोर्ड लावलाय कुठे, तर प्लास्टर घालतात त्या खोलीत! नाही, तुम्हाला सांगतो, आमच्या कोपर गावच्या सहदेवभाऊंनी तो वाचला, तेव्हा हौसाबाईंचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा, हात गळ्यात बांधून झालेला! बाथरूममध्ये पाय सटकला, मनगट गेलं, आणि समोर भिंतीवर हसरी म्हातारी : ‘पडण्याआधी या! ज्येष्ठांसाठी तोल सांभाळण्याचे मोफत वर्ग, टेंभी नाका, ठाणे.’ भाऊ म्हणाले, “डॉक्टर, हे आधी नाही का सांगायचं?” तर डॉक्टर म्हणतो, “आधी तुम्ही आलातच कुठे?” घ्या! सोय आहे हो, सोय नाही असं नाही!

बरं, मनगट जुळलं, पण भीती काय जाते? भाजीवालीशी भांडायला सगळ्यात पुढे असणारी ही बाई, ती आता भिंत धरधरून चालायची, आणि आंघोळीला जाताना, “अहो, दाराशी उभे राहा हं... आहात ना?” भाऊंना बघवेना. रिक्षात घातली आणि थेट ठाणं गाठलं. आणि वर्ग कुठे? दुसऱ्या मजल्यावर! जिन्याला कठडा नाही, लिफ्ट बंद! तोल गेलेल्यांचा वर्ग बरं का हा... सोय आहे हो, सोय नाही असं नाही!

भाऊ एकटेच वर गेले. टेबलाशी करिश्मा म्हणून पोरगी, मान मोबाईलमध्ये. भाऊंनी बायकोचं नाव घालायला सांगितलं, तर विचारते, “आजी कुठेयत?”

“खाली. तिला जिना चढवत नाही.”

“मग नाही जमणार, काका. जिना चढता आला पाहिजे. रूल आहे.”

“अगं बये, जिना चढता आला असता, तर झक मारायला आणली असती का तिला इथे?”

हा आवाज ऐकून आतनं दीप्तीमॅडम आल्या, व्यायाम शिकवणाऱ्या. आत नुसत्या खुर्च्या, माणूस एक नाही! वर म्हणतात कशा, “लोकांमध्ये अवेअरनेसच नाही हो.” अवेअरनेस! बोर्ड मोडक्यांच्या खोलीत टांगायचा आणि धडधाकट लोक येत नाहीत म्हणून रडायचं! सोय आहे हो...

पण खरं ते सांगतो, दीप्तीमॅडम खुर्ची उचलून खाली आल्या. पार्किंगमध्ये, स्कूटरच्या मध्ये खुर्ची मांडली. “आजी, हात न टेकता उठा.”

“आणि पडले तर?”

“मी धरते ना.”

हौसाबाई उठल्या... आणि भाऊंकडे बघून रडल्याच! मग दर आठवड्याला पार्किंगमध्ये वर्ग. आता पिशवी घेऊन एकट्या बाजारात जातात. भाजीवालीचं नशीब फुटलं, दुसरं काय!

भाऊंना वाटलं, चला, चार लोकांना सांगावं. गेले आमच्या कट्ट्यावर. तिथे कोणाचा गुडघा वाजतोय, कोणाला चक्कर, साईनाथराव तर खांब धरूनच उभे. भाऊंनी सगळं समजावलं. सगळे खो खो हसले! साईनाथराव म्हणाले, “सहदेवा, ते म्हाताऱ्यांसाठी रे! आम्ही काय म्हातारे झालोय?”

भाऊंनी एक नजर त्या खांबाकडे टाकली, म्हणाले, “नाही, नाही, तुम्ही कसले... बसा बाबांनो. उठताना तेवढं बघा.”