आतून कडी लागणारं दार

लँकशायरमधल्या आमच्या गावात नगरपालिकेच्या घरवाटप कचेरीत मी नंबराची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण आई बोलत होती.

"घरांच्या यादीत कितवी आहेस गं तू?"

"आज एकशे चाळिसावी. गुरुवारी पहिल्या दहांत येणार."

"का? गुरुवारी साहेब बदलतोय?"

"नाही हो आजोबा, माझी ब्रायोनी दहा वर्षांची होतेय, आणि धाकटा भाऊ तिच्याच खोलीत झोपतो."

"त्याचं नगरपालिकेला काय कौतुक?"

"नियमच आहे तसा. दहा वर्षं पुरी होईपर्यंत बहीण-भाऊ एका खोलीत चालतात. दहा झाली की मुलीला वेगळी खोली लागते. म्हणजे आमचं घर अपुरं ठरतं आणि नंबर वर सरकतो."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी पुरतं."

"धन्य आहेत! तुला हे सांगितलं कोणी?"

"कोण सांगतंय? चौतीस पानी नियम आहेत, दोनदा वाचलेत मी. तिच्या जन्माचा दाखला आजच देऊन ठेवते. गुरुवारी खिडकी उघडली की पहिली मीच."

"झकास! मग वाढदिवसाला काय मागितलंय लेकीनं?"

"दार. आतून कडी लागणारं."

"आणि धाकट्यानं?"

"तो म्हणतो, आई, मधली भिंत तेवढी पातळ बघ. मला भीती वाटली की मी ठोकणार, ताईला ऐकू गेलं पाहिजे."