उकडीवर घातलेलं भाडं

देवाला हात जोडून झाले, खोकणाऱ्यांचं खोकून झालं, पुढच्या रांगेतल्या काकूंची पिशवीही एकदाची वाजायची थांबली. आता बसा नीट. मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं देऊ नका — घरचीच माणसं शेजारी बसलीत!

आपल्या घरात एक माणूस असं आहे, की त्याच्यावर खर्च जास्त आणि त्याचा उपयोग कमी — असं कधी मनात आलंय?

बघा, सगळे छताकडे बघायला लागले! आलंय. माझ्याही आलंय. फरक एवढाच, की तुम्ही ते मनात ठेवलंत. आजच्या आख्यानातल्या बाईनं ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि सिद्ध करून दाखवलं!

ह्या बाईचं नाव सगुणा. शिक्षण सातवी — तीही गणितात काठावर. तालुक्याच्या गावी कॉमर्स कॉलेजचं कँटीन चालवायची... नाना, पेटीवर हसू नका! मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. गावात सगुणा पुष्कळ असतात.

कँटीनमध्ये दोघी. सगुणा आणि तिची थोरली जाऊ, द्वारकावहिनी. वहिनींचे यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांच्या हाताला एकच पदार्थ — तांदळाच्या पिठाची उकड. ताकातली, लसूण-मिरचीची, वर कच्च्या तेलाची धार. पोरं बोटं चाटायची! पण करायला वेळ फार. वहिनी कालथा फिरवत उभ्या राहायच्या, घाई म्हणून नाही.

आता कँटीनची भिंत आणि वर्गाची भिंत एकच, वर नुसती जाळी. रोज दहा ते अकरा पलीकडे पेवेकर सर शिकवायचे, आणि अलीकडे सगुणा चहा उकळता उकळता शिकायची. फुकट! जमा शिकली, नावे शिकली. घसारा शिकली. घसारा म्हणजे काय? वस्तू वापरून झिजते, म्हणून तिची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची. नवऱ्याकडे बघितलं आणि एका दिवसात धडा पाठ! नवऱ्याला समजावून सांगायला गेली, तर त्यानं मुकाट्यानं भिंतीवरचा आरसा काढून हातात दिला.

पण गोम कुठे होती, ऐका. वहिनींचा एक दंडक होता — मधल्या सुट्टीला चटणी ताजी पाहिजे. सकाळी वाटून ठेवायची नाही! म्हणून पावणेअकराला सगुणा मिक्सर लावायची. घर्रर्रर्र! सरांचा शेवटचा पाव तास खोबऱ्या-कोथिंबिरीत गडप! आणि मास्तर मंडळी महत्त्वाचं केव्हा सांगतात? शेवटी! आधी नियम सांगतात, मग म्हणतात, "पण...". सगुणेनं वर्षभरात एकही 'पण' ऐकला नाही. सगळं शिक्षण पाऊण तासाचं, आणि तोरा मात्र पूर्ण पदवीचा!

एक दिवस सर म्हणाले, "प्रत्येक मालावर त्याचा स्वतःचा खर्च घाला. मग सगळ्यांचा मिळून जो खर्च असतो — समजा, दुकानाचं भाडं — तो वाटून घाला. आता बघा, कोणता माल नफ्यात आणि कोणता तोट्यात!"

घर्रर्रर्र!

बाई घरी आली, वही काढली. कँटीनचं भाडं महिना दहा हजार. पदार्थ पाच — उकड, पोहे, मिसळ, वडा, चहा. प्रत्येकावर दोन-दोन हजार भाडं! कसं सरळ! आता सामानाचा खर्च जाऊन चहा सुटत होता सहा हजार. वडा साडेचार. मिसळ तीन. पोहे बावीसशे. आणि उकड — दीड हजार...

"चौदाशे!"

बघा, मागून दुरुस्ती आली. टाळ धरणाऱ्यांनी टाळ धरावा, हिशोब धरू नये. दीड हजारच! दीड हजारातून दोन हजार भाडं गेलं, उरलं काय? पाचशेचा तोटा! सगुणेनं लाल पेन घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, उकड बंद करू या. परवडत नाही."

"पोरं तर रांग लावतात गं."

"रांग दिसते, वहिनी. तोटा दिसत नाही. त्याला शिकावं लागतं."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मग मी पोहे परतू?"

"नको हो. तुम्ही आता आराम करा."

मंडळी, ह्या दोन शब्दांनी आपण किती माणसं घरातून उठवलीत! 'जा' म्हणवत नाही, म्हणून 'आराम करा'. वहिनींनी कालथा धुतला, पदरात गुंडाळला आणि घरी गेल्या. भांडण नाही, रडणं नाही. त्या रात्री जेवताना एक भाकरी घेतली, मोडली आणि अर्धी परत टोपलीत ठेवली.

"वहिनी, हे काय?"

"मी तोट्यात आहे ना गं. माझाही खर्च कमी करते."

सगुणेला बोलायचं होतं. पण तोंडात घास होता. पूर्ण भाकरीचा.

पुढचा महिना उजाडला. उकड नाही, म्हणजे पदार्थ चार. भाडं? दहाच हजार! कॉलेजनं काही उकडीपुरतं भाडं सोडलं नव्हतं. चौघांत वाटलं — प्रत्येकी अडीच हजार. पोहे बावीसशे. अरे! पोहे तोट्यात! परवापर्यंत नफ्यात होते, एकाएकी कसे बिघडले? सगुणा म्हणाली, "तरी मला पोह्यांचा संशय होताच." पोहे बंद!

पुढच्या महिन्यात तिघांवर भाडं, प्रत्येकी तेहतीसशेच्या वर. मिसळ तीन हजार. मिसळ तोट्यात — बंद! मग दोघांवर, पाच-पाच हजार. वडा साडेचार. वडा बंद! बाई एकेकाला असं काढत होती, जसा न्हावी एक कल्ला जरा लांब म्हणून दुसरा कापतो, मग तो लांब म्हणून पहिला! शेवटी राहिला चहा. एकटा. डोक्यावर दहा हजारांचं भाडं आणि कमाई सहा.

आता काय करणार? चहाही बंद! म्हणजे कसं, तोटा मुळापासून गेला — कँटीनसकट!

फेब्रुवारी उजाडला. कॉलेजचा शिपाई दोनदा भाडं विचारून गेला. सगुणा रिकाम्या कँटीनमध्ये एकटी बसलेली. पलीकडे परीक्षेची उजळणी. तोच धडा, तीच वाक्यं. बाई ओठ हलवत म्हणत होती — सगळं पाठ! पावणेअकरा वाजले. हात सवयीनं मिक्सरकडे गेला.

पण वाटणार काय? चटणी कशाची? मिक्सर बंद राहिला. आणि मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा सगुणेनं सरांचा 'पण' ऐकला!

"पण! तोट्यात दिसतो म्हणून हा माल बंद केलात, तर भाडं कमी होतं का? नाही! ते उरलेल्यांच्या डोक्यावर बसतं. भाडं मालाचं नसतं, दुकानाचं असतं. म्हणून एवढंच विचारा — स्वतःचा खर्च भागवून हा माल भाड्याला हातभार लावतो का? लावत असेल तर त्याला ठेवा. नाहीतर एकेक माल काढत काढत तुम्ही दुकान काढाल. अर्थात, इतकं मूर्ख दुकान मी अजून पाहिलेलं नाही."

मूर्ख दुकान भिंतीच्या अलीकडे स्वतःपुरता चहा गाळत होतं. गाळणं हातातच राहिलं. उकड दर महिन्याला दीड हजार आणत होती! भाड्यातला दीड हजार उचलत होती, आणि आपण तिलाच भाड्याखाली चिरडलं!

बाई कुलूप न लावताच घरी पळाली. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. चार महिन्यांत मनगटं काटकुळी झालेली.

"वहिनी, उद्यापासून उकड."

वहिनींनी मान वर केली नाही. "का? नफ्यात आली वाटतं?"

"तेव्हाही होती. मला मोजता येत नव्हतं."

"शिकली होतीस ना?"

"पाऊण तास. बाकीचं तुमच्या चटणीत गेलं."

वहिनींच्या ओठाचा कोपरा हलला. सूप खाली ठेवलं. "आणि ते भाडं? ते कोणावर?"

"ते कँटीनचं, वहिनी. तुमच्यावर नव्हतंच. मी घातलं होतं."

वहिनींनी तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "सगुणे, टोपलीत भाकरी आहे का?"

"आहे."

"मग ती राहिलेली अर्धी वाढ."

आता, मंडळी, छताकडे बघू नका, माझ्याकडे बघा. घर म्हटलं की भाडं आलं — वीज आली, औषधं आली, कटकटी आल्या. ते कोणा एकाचं नसतं. आणि आपण काय करतो? जो कोपऱ्यात गप्प बसलाय, त्याच्या नावावर सगळं टाकतो आणि म्हणतो, हा परवडत नाही. आज आत्या परवडत नाही, उद्या वडील, परवा धाकटा भाऊ. तो गेल्यावर भाडं जातं का? पुढची पाळी कोणाची? वही तुमच्याच हातात आहे, म्हणून तुम्ही शेवटी. चहासारखे!

त्या माणसानं काय उचललं होतं ते दिसत नाही. मिक्सर चालू असतो ना! आपलाच.

तेव्हा आज घरी गेलात की एवढंच करा. जेवताना बघा, कोणी अर्धी परत टोपलीत ठेवतंय का. दिसलं, तर कारण विचारू नका. वाढा.

आता नाव घेऊ या. पेटी धरा, नाना. आणि टाळ... टाळ का थांबला? वहिनी, डोळे पुसा आधी. बरं बाई, चौदाशे तर चौदाशे! वाजवा!