भिंतीपलीकडचा धूर

...आणि धूर तरी कसला, तर जाड, पिवळट, चरबीचा, नाकातून शिरला की थेट पोटात उतरून "काय रे, जेवलास का?" म्हणून विचारणारा! दर रविवारी! ऐन जेवणाच्या वेळी! आणि आमच्या बाइया ब्लांका गावचा वारा म्हणजे... छे, त्याच्या पोटात काही राहतं का हो? शेजारच्या आतिल्योच्या अंगणात शेगडी पेटली रे पेटली की हा तो सगळा धूर उचलणार आणि भिंतीवरून आणून ओतणार नेमका एल्पिदियोच्या ताटात! आणि ताटात काय? शेवया! लोणी नाही, चीज नाही, नुसत्या उकडलेल्या शेवया!

तुम्हाला सांगतो, शेजाऱ्याच्या धुराशी लावून शेवया खायची पाळी माणसावर यावी का? बरं, खाल्ल्याही असत्या बिचाऱ्यानं. पण हा आतिल्यो कोण? कुणी जमीनदार? कुणी डॉक्टर? अहो, नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात एल्पिदियोच्या शेजारच्या टेबलावर बसणारा कारकून! एकाच दिवशी चिकटलेले दोघं, हुद्दा एक, पगार एक, वर एल्पिदियोच्या पोरीचा धर्मपिता! मग? पगार तेवढाच... तर धूर कसा?

आणि पगार वाढत नाही असं नाही हं. वाढतो. म्हातारा जिना चढतो तसा वाढतो, कठडा धरून, खोकत, मध्येच बसून. आणि भाव? भाव त्याला धक्का मारून दोन-दोन पायऱ्या ओलांडत गच्चीवर! किराणावाल्या बाईनं तर पाट्या खडूनंच लिहायला घेतल्यात, पुसायला बऱ्या. एल्पिदियोनं एकदा तेलाची बाटली उचलली, गल्ल्यापाशी पोचला, तोवर भाव बदलला! हा म्हणतो, "अहो बाई, मी उचलली तेव्हा स्वस्त होती!" ती म्हणते, "मग पळत यायचं!"

घरातून आधी फासळ्या गेल्या. मग रश्श्याची हाडं गेली. मग कोंबडीचे पंख गेले. राहिली रश्श्यात टाकायची ती कोंबडीच्या चवीची वडी, तीसुद्धा देलिया, म्हणजे एल्पिदियोची बायको, हल्ली पातेल्याला नुसती दाखवते आणि परत कपाटात ठेवते!

आणि भिंतीपलीकडे धूर!

मग डोकं फिरेल नाही तर काय होईल? लाच खात असेल? पण घरपट्टीत लाच देतं कोण, लोक पट्टीच देत नाहीत! इटलीतला कुणी मामा मेला असेल? की गादीत डॉलर आहेत? "देलिया, ती मिर्ता, आतिल्योची बायको, हल्ली गादी उन्हात टाकते ना?"

"टाकते. मग?"

"आणि वर बसून राहते!"

"अरे, पाठ दुखते तिची! शेकत बसते!"

"पाठ कशानं दुखते? नोटा टोचत असतील!"

सोमवारी कचेरीत सहज विचारल्यासारखं विचारायचा, "काय आतिल्यो, काल काय बेत?" आणि तो पोटावरून हात फिरवत, डोळे अर्धे मिटून, "नेहमीचंच रे... जरा जास्तच झालं." जरा जास्तच झालं! काय, शेपटासकट गाय? कॉलर तीच, उलटून शिवलेली. बूट तेच, खालून पुठ्ठा लावलेले. पगार तेवढाच... तर धूर कसा?

आता यात आले खात्याचे मुख्य, लारुम्बे साहेब. हे नाकात बोलतात. शुक्रवारी एल्पिदियोला आत बोलावलं, "हं, बस. वरून हुकूम आलाय, खात्यातला एक माणूस कमी करायचा. हं, कुणाचे हात ओले होतायत असं काही तुझ्या कानावर?"

तुम्ही सांगा, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? तोंड मिटावं. पण एक माणूस कमी म्हणजे हा, नाहीतर तो! आणि डोक्यात कितीतरी रविवारांचा धूर साठलेला. हा बोलून गेला, "साहेब, कानावर नाही... नाकावर आलंय. आतिल्योकडे दर रविवारी मांस भाजतात."

"असं? हं. सोमवारी येऊन हेच नीट सांग. लिहून घेतो."

घरी येऊन देलियाला सांगितलं तर तिच्या हातातला डाव खाली पडला. "एल्पिदियो! आपल्या पोरीला बाप्तिस्म्याला हातावर धरणारा माणूस तो! ती तापानं फणफणली तेव्हा खांद्यावर टाकून दवाखान्यात पळाला, तेव्हा तू कुठं होतास? त्याच्या पोटावर पाय देणार? डोळ्यांनी पाहिलंस मांस?"

"धूर पाहिला."

"धुराला शिंगं असतात? आधी पाहून तरी ये!"

झालं. रविवारी धूर निघाला तसा हा शिडी लावून भिंतीवर. पलीकडून आवाज... अहो, काय आवाज! मिर्ता ओरडतेय, "आतिल्यो, अजून एक तुकडा वाढू का?" हा आतिल्यो त्याहून मोठ्यानं, "नको गं, पोट फुटेल!" वर काट्या-सुऱ्यांचा खणखणाट! एल्पिदियोच्या तोंडाला पाणी, डोळ्यांत पाणी, रागानं की धुरानं देव जाणे. त्यानं मुंडी वर काढली...

शेगडीवर जाळी. जाळीवर लिंबाएवढा चरबीचा गोळा. खाली सुक्या फांद्यांचे निखारे. आतिल्यो गुडघ्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घालतोय, धूर एल्पिदियोच्याच भिंतीकडे वळवतोय, आणि मान मागे करून टेबलाकडे ओरडतोय, "काय मऊ झालंय!" आणि टेबलावर? शेवया! लोणी नाही, चीज नाही... त्याच शेवया!

शिडी घसरली आणि हा धप्पकन पलीकडे, त्यांच्याच अंगणात!

आतिल्यो पांढराफटक. पुठ्ठा पाठीमागे लपवला, जसं काही पुठ्ठाच चोरीचा! "तू... जेवायला आलास?"

"नाही... बघायला."

"मग बघ!" मिर्ता कडाडली. "बघ नीट! तुम्हीच लावलंत आम्हाला हे! दर गुरुवारी तू कचेरीतून यायच्या आत तुझ्या घरातून ठोकण्याचा आवाज येतो. ठक्, ठक्, ठक्! मांसाचे काप ठोकतायत म्हणून अख्खी गल्ली जळते! पगार तेवढाच, तर काप कसले? आमचा हा रडला हो त्या दिवशी. म्हणाला, एल्पिदियोला जमतं ते मला जमू नये?"

एल्पिदियोनं भिंतीकडे पाहिलं. "देलिया? तू गुरुवारी काय ठोकतेस?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "पाट."

"पाटावर काय?"

"काही नाही. नुसताच पाट."

तुम्हाला सांगतो, चौघं हसली की रडली ते आजवर कुणी सांगत नाही. देलिया आपलं पातेलं घेऊन आली, दोन्हीकडच्या शेवया एकत्र केल्या, आणि चरबीचा उरलेला गोळा वर फिरवला.  पण समोर हा आतिल्यो एल्पिदियोलाच वाढतोय, आणि सोमवारी साहेब पेन उघडून बसणार!

सोमवारी एल्पिदियो गेला आत. "साहेब, तो धूर... तो आतिल्योचा नव्हेच. माझाच होता. वाऱ्यानं उलटा फिरला."

"तुझा? तुझ्याकडे भाजतात?"

गेली नोकरी! गेली! आता मांसाचं खोटं तरी कशाला? "साहेब, मांस नसतं. चरबी असते. नुसती चरबी जाळतो."

साहेब उठले. दार लावून घेतलं. पडदा ओढला. जवळ आले, इतके जवळ की त्यांच्या कोटाला कसलातरी ओळखीचा वास... आणि कानाशी लागून म्हणाले, "हं... गाईची की डुकराची?"

"काय, साहेब?"

"चरबी रे! आमची ही डुकराची आणते. भसकन जळून जाते, वरच्या मजल्यावरच्या वकिलापर्यंत वासच पोचत नाही!"

कपातीचं काय झालं? साहेबांनी वर कळवलं, चौकशी चालू आहे. आमच्याकडे चौकशी चालू झाली की पेन्शनीपर्यंत चालूच राहते. शनिवारी एल्पिदियो निघाला खाटकाकडे, आपली, आतिल्योची आणि साहेबांची अशी तीन घरची चरबी आणायला. तर ही रांग! मास्तर, औषधवाला, पोस्टातली बाई... सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे ओठ खाटकाच्या कानाशी! आणि तो खाटीक, त्या मेल्याला हळू बोलताच येत नाही! "चरबी ना? तुम्हालाही चरबी? अहो, मांस पडून राहतंय, चरबीला मात्र ही झुंबड! कालपासून भाव वाढवलाय!"

एल्पिदियोनं खिसा चाचपला आणि आला परत रिकाम्या हातानं... मांस परवडत नव्हतं म्हणून धूर केला हो, आता धूरसुद्धा पगारात बसत नाही!